इसबगोलाची पुरणपोळी

आमच्या सुलभावहिनींनी एखादी गोष्ट डोक्यात घेतली की बाकीच्यांनी गुपचूप बाजूला व्हावं, हे मी लग्न होऊन या घरात आले त्याच वर्षी शिकले. मी त्यांची धाकटी जाऊ. इथे माळव्यात, माधव नगरच्या घरात त्या खाली राहतात, मी वर. त्यामुळे त्यांच्या हट्टाचा पहिला तडाखा नेहमी मलाच बसतो.

सरकारी कन्याशाळेत त्यांनी जन्मभर हिंदी शिकवलं. मराठी बाई काय हिंदी शिकवणार, असं एक मुख्याध्यापिका तोंडावर म्हणाली, तर या बाईंनी नोकरी, स्वयंपाक आणि लहानगा मंदार सांभाळून हिंदीत एम. ए. केलं आणि पेढे आधी त्याच मुख्याध्यापिकेला नेऊन दिले. पन्नाशी उलटल्यावर स्कूटर शिकल्या. गुडघा फोडून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून पुन्हा स्कूटरवर बसल्या. त्यांचे यजमान जयंतभाऊजी हे सगळं वर्तमानपत्राच्या आडून बघतात. शहाणा माणूस आहे.

मंदारचं लग्न झालं आणि देवासची निहारिका सून म्हणून आली. हसरी, कामसू पोरगी, पण पोटाने सतत हैराण. इंदूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सीलिअॅक असं काहीसं नाव सांगितलं आणि गहू कायमचा बंद केला. चिमूटभरसुद्धा नाही. आता माळव्यात गहू बंद म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. बाटी गव्हाची, बाफले गव्हाचे, पाहुण्याला पोळी गव्हाची. लग्नाच्या पंगतीत ही मुलगी काकडीच्या चकत्या खाऊन परत यायची.

त्याच वर्षी भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य आणि सवाष्णींचं जेवण. नव्या सुनेला पहिल्या पानावर बसवायची आमच्याकडची पद्धत. सणाला इंदूरहून आमच्या वन्सं आल्या, अनसूयाबाई. येताना खपली गव्हाचं पीठ घेऊन आल्या. "हा आपल्याकडचा जुना गहू. पचायला हलका. याने कुणाला काही होत नाही," त्यांनी छातीठोक सांगितलं. वहिनींना ते पटलं. मलाही पटलं. जुनं ते सगळं निर्मळ, असं आपल्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं ना! निहारिकेने मोठ्यांचा मान राखून अर्धी पोळी खाल्ली, उरलेली तशीच ठेवून ती उठली आणि संध्याकाळपासून पोट धरून अंथरुणात पडली. चार दिवस पोरगी उठली नाही.

वन्संना त्याचं काही नाही. त्यांना टोचली ती ताटातली अर्धी पोळी. "सवाष्ण अन्न टाकून उठली. अशाने कसं चालायचं? पुढच्या साली दुसरी सवाष्ण सांगा, हिला बसवूच नका."

भिंती पातळ आहेत आमच्या. निहारिकेनेही ऐकलं. मंदारला ती रडत म्हणाली, "पुढच्या वर्षी महालक्ष्मीला मी देवासला जाईन. माझ्यामुळे सगळे परेशान होतात. मी नसलेलीच बरी." हे आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ऐकलं.

वहिनींनी हातातली परात खाली ठेवली. "गहू तो गहूच. एवढी शिकलेली मी, माझ्या लक्षात कसं नाही आलं?" मग पदर खोचला. मी ओळखलं, आता आपली खैर नाही. "ऐक. पुढच्या वर्षी नैवेद्याची पोळी निहारिका खाईल. तिची वेगळी नाही. जी देवीला, तीच तिला, तीच सगळ्यांना."

तिथून आमच्या घरात पिठांचं पर्व सुरू झालं. चक्कीवरचं पीठ बाद, कारण चक्कीत दिवसभर गहूच दळला जातो. म्हणून तांदूळ घरी धुवायचे, पंख्याखाली वाळवायचे, मिक्सरमधून काढायचे आणि मलमलीच्या कापडातून चाळायचे. नवं लाटणं, नवा पोळपाट आला. कटाच्या आमटीत हिंग घालायचा, तर डबीतल्या हिंगात मैदा मिसळलेला असतो हे कळलं. मग शुद्ध हिंगासाठी टावर चौकापासून सुरुवात करून वहिनींनी फ्रीगंजची अख्खी बाजारपेठ पालथी घातली. "भैया, बिना आटे की हींग," असं विचारलं की दुकानदार त्यांच्याकडे वेड लागल्यासारखं बघायचे. शेवटी जडीबुटी विकणाऱ्या एका पन्सारीने खड्याचा हिंग काढून दिला. त्याच्या वासाने माझी वरची खोलीसुद्धा भरून गेली.

पण पोळी काही होईना. इथल्या बासमतीचं पीठ सुटं, त्याला चिकटपणाच नाही. मंदारने महाराष्ट्रातून आंबेमोहोर मागवला. त्याची उकड मऊ झाली, मोदक छान वळले असते, पण पोळी लाटायला घेतली की कडेने फाटायची आणि पुरण पोळपाटावर. ज्वारी घातली, तर भाकरी झाली. राजगिरा घातला, तर तव्यावरून काढताना तिचे तीन तुकडे. आणि ते सगळे तुकडे खायला मी! मी वैतागून म्हटलं, "वहिनी, पुरण वाटीत घालून द्या की तिला. पोटात जाऊन सगळं एकच होतं."

"वाटीत आजाऱ्याला देतात," त्या म्हणाल्या.

मग एका सकाळी जयंतभाऊजींचा पेला सापडला. ते रोज झोपताना पाण्यात इसबगोल घालून घेतात. त्या रात्री विसरले होते. पेला उपडा केला तरी आतलं पडेना, खळीसारखा घट्ट गोळा झालेला. वहिनींनी तो पेला पुन्हा पुन्हा उपडा करून बघितला. मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी तांदळाच्या उकडीत भिजवलेली इसबगोलाची भुसी मळली, झाकून ठेवली आणि केळीच्या पानावर हलक्या हाताने पोळी लाटली. फाटली नाही. तव्यावर टाकली, उलटली, तरी फाटली नाही. वहिनींनी माझ्या पाठीत असा दणका घातला की मी ओट्यावर आदळले. आंबेमोहोरासाठी आम्ही जग पालथं घालत होतो, आणि हे इसबगोल आपल्या नीमच-मंदसौरकडे शेताशेतात उगवतं.

पुन्हा भाद्रपद आला. निहारिकेने देवासला जायची बॅग भरायला घेतली होती. वहिनींनी ती सरळ माळ्यावर टाकली. वन्सं आल्या आणि स्वयंपाकघरात इसबगोलाचं पाकीट बघून उंबऱ्यातच थांबल्या.

"सुलभा, हे नैवेद्यात? पोट साफ करायचं औषध देवीला?"

"जायफळही औषधच आहे, वन्सं. ते तुम्हीच किसून देता दरवर्षी."

"निदान देवीपुरती एक गव्हाची कर. रीत म्हणून."

"आज घरात गहू नाही. तुमचा मान मी कधी मोडला नाही, पण माझ्या घरची लक्ष्मी काकडी चावत बसेल आणि मी मुखवट्यांपुढे पुरणपोळी ठेवीन, हे बिलकुल होणार नाही. रागावायचं तर रागवा."

वन्सं रागावल्या. आरती झाली, नैवेद्य झाला, निहारिका पहिल्या पानावर बसली. वहिनींनी तिच्या पोळीवर तूप वाढलं. पोरीने पोळी संपवली. दुसरी मागितली. सगळे हसले, पण आम्ही दोघी घड्याळाकडे बघत होतो, कारण गेल्या वर्षीही त्रास संध्याकाळनंतरच सुरू झाला होता.

सकाळी मी लवकर खाली आले. वहिनी गॅसपाशी, चहा गार झालेला. वन्सं खुर्चीत, विसर्जन आटोपून निघायचं म्हणून बॅग भरून शेजारी ठेवलेली. निहारिकेच्या खोलीचं दार बंद. मला तर देवालाच चार शब्द सुनावावेसे वाटत होते.

दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळे चोळत निहारिका आली.

"आई, कालची पोळी उरलीय का? दुधाबरोबर खाते. जाम भूक लागलीय."

वहिनी ओट्याला धरून खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मुख्याध्यापिकेच्या बोलण्याने, फुटलेल्या गुडघ्याने जी बाई रडली नाही, ती रडत होती, आणि मीही. निहारिका घाबरून आमच्याकडे बघत राहिली. मी डोळे पुसत पोळ्यांचा डबा उघडला. रिकामा.

"काल तर होत्या," मी म्हटलं.

वन्सं खाकरल्या. वाकून त्यांनी बॅगेची चेन उघडली, साड्यांच्या घड्यांखालून स्टीलचा छोटा डबा काढला आणि निहारिकेपुढे टेबलावर ठेवला.

"दोन आहेत," त्या म्हणाल्या. "बस. दूध गरम करते. दोघी खाऊ."