माझे दात आणि मारिसेलच्या भावाची निवडणूक

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातात राहत नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीने उकिरडा उकरावा तसं. नातीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे, कोणाला दाखवायला नाही. पण राग कुठेतरी उतरवून ठेवायला हवा. नाहीतर तो भाजीत उतरतो, अशी सुनेची तक्रार आहे.

तर सांगायचं ते असं, की माझे पुढचे दोन दात फिलिपिन्सच्या निवडणुकीत गेले.

म्हणजे तुटले होते आधीच. मुलगा निखिल इथे जर्मनीत डार्मश्टाटला नोकरीला आहे आणि आम्ही दोघं दरवर्षी तीन महिने त्याच्याकडे येतो. मागच्या खेपेला त्याने मोठ्या कौतुकाने इथला ब्रोट आणला. बाहेरून पाव दिसतो, आतून पाटा असतो! पहिल्याच घासाला कडकन आवाज झाला. मला वाटलं, पाव तुटला.

तेव्हापासून तोंडावर पदर धरूनच बोलते. तशी मी बोलतेच कमी. चारचौघांत गेलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. पण पुतणीचं लग्न ठरलं होतं आणि त्या लग्नात मला तोंड उघडून हसायचं होतं. म्हणून इथल्या मराठी घरांमधून चकल्या, पुरणपोळ्या करून दिल्या आणि दोन खेपांमध्ये तीनशे युरो जमवले. चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवले. गावी गेल्याबरोबर पक्के दात बसवायचे, असं ठरलं होतं.

आता आमचे हे. हे एसटीत कंट्रोलर होते. रिटायर झाल्यावर ग्रामपंचायतीला उभे राहिले आणि पडले. साधे पडले नाहीत, सख्ख्या भावानेही मत दिलं नाही असे पडले! तरी स्वतःला निवडणुकीतले तज्ज्ञ समजतात. "जो पडतो त्यालाच निवडणूक कळते," असं ह्यांचं म्हणणं. (मग आमचं निम्मं गाव तज्ज्ञ आहे.)

आमच्या खालच्या मजल्यावर मारिसेल राहते. फिलिपिन्सची, वृद्धाश्रमात नर्स आहे. मला 'टिटा' म्हणते, म्हणजे त्यांच्याकडे मावशी. पोरगी गुणाची. तिच्यावर माझा राग नाही, हे आधीच लिहून ठेवते. एकदा तळघरात कपडे धुवायला गेली असताना तिने ह्यांना सहज सांगितलं, की इलोइलो प्रांतात तिचं गाव आहे आणि तिथे तिचा धाकटा भाऊ टोटो निवडणुकीला उभा आहे. त्यांची ती निवडणूक आपल्या ग्रामपंचायतीसारखीच. सात सदस्य निवडायचे, आणि मतदाराने चिठ्ठीवर हाताने नावं लिहायची.

हेही आमचे कपडे घेऊन तिथेच होते, ते मशीनमध्येच विसरून वर आले. डोळ्यांत तेज!

"अगं, देवाने आपल्याला जर्मनीला कशाला पाठवलं, ते आज कळलं."

"कशाला?"

"टोटोसाठी!"

त्या दिवसापासून घराचं प्रचार कार्यालय झालं. ह्यांचं इंग्रजी एसटीच्या पाटीएवढंच, पण निवडणुकीचं नाव काढलं की कुठलीही भाषा येते. जेवताना फोन, आंघोळीला जाताना फोन. तिकडे टोटो माना डोलवतोय, इकडे हे हातवारे करतायत, आणि मध्ये मी पोळ्या लाटतेय. असंच सारं चाललं असतं तरी मी काही बोलले नसते.

पण एका रविवारी पुरणपोळ्यांचे पैसे आले आणि मी डबा काढला.

"अहो, डबा हलका का लागतोय?"

"चहा संपला असेल."

"ह्यात चहा कधीच नव्हता!"

हे खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नाही, समोर कचऱ्याचे चार रंगांचे डबे आहेत.

"अगं, उमेदवाराला फ्लेक्स नको का? गरीब माणूस आहे. मारिसेल नको नको म्हणत होती, मीच बळेबळे दिले. म्हटलं, आमच्या हिने खुशीने दिलेत."

"खुशीने? माझे दात होते ते!"

"दात काय, आज ना उद्या येतील!"

"येतील? मी काय सहा महिन्यांची आहे?"

एवढं बोलून माझी जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली, कारण दारात मारिसेल उभी होती. हातात तांदळाच्या खिरीचं भांडं, डोळ्यांत पाणी. तिने माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. अशा वेळी माणसाने काय करावं? मी ओठ मिटून हसले. आतमध्ये मात्र प्रेशर कुकर! शिट्टी सोडायची सोय नाही, नुसती वाफ.

पैसे गेले ते गेले, पण खरी अक्कल ह्यांनी पुढे पाजळली. टोटोने फ्लेक्सचा नमुना पाठवला. नुसता टोटो, खाली नाव. ह्यांनी कपाळावर हात मारला.

"हा काय फ्लेक्स आहे? शुभेच्छुक कुठे आहेत?"

आपल्याकडे फ्लेक्सवर मोठा फोटो नेत्याचा आणि खाली ओळीने लहान लहान तोंडं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ज्याने वर्गणी दिली त्याचं तोंड. ह्यांनी टोटोला बजावून सांगितलं, की खाली निदान सहा तरी तोंडं पाहिजेत, तोंडाखाली नाव पाहिजे, आणि तुझ्या कानाला मोबाईल पाहिजे. बिचाऱ्या टोटोला वाटलं, जर्मनीतली पद्धत असेल!

आणि सहा तोंडं आणायची कुठून? ह्यांनी घरातलीच दिली. स्वतःचा काळा चष्मा लावलेला फोटो. निखिलचा आणि सून अदितीचा लग्नातला, मुंडावळ्यांसकट. सात वर्षांच्या नातीचा, इराचा. मारिसेलचा. आणि माझा! माझा कुठला, तर मागच्या दिवाळीतला. मी पदरात तोंड लपवून बसलेली, वर नुसते डोळे.

आठवड्याने टोटोने फ्लेक्सचा फोटो पाठवला. बास्केटबॉलच्या मैदानासमोर, दोन नारळांच्या झाडांना बांधलेला, आमच्या स्वयंपाकघराएवढा फ्लेक्स. ह्यांचा ऊर भरून आला. निखिल कामावरून आला, त्याने फोटो पाहिला आणि बॅग हातातून पडली.

"बाबा! हा मी आहे?"

"मग! अगदी हिरो दिसतोस."

"मी इथे व्हिसावर आहे, बाबा! परदेशातल्या निवडणुकीत माझं थोबाड कशाला? तेही मुंडावळ्या बांधून!"

"आणि मी?" अदिती म्हणाली. "मला विचारलंत का, बाबा?"

इरा तेवढी खूश. "कूल!" म्हणाली आणि शाळेत सांगून आली, की मी निवडणुकीला उभी आहे.

गंमत म्हणजे, ती बरोबर होती.

त्या गावात शुभेच्छुक नावाचा प्राणीच नसतो! तिकडच्या फ्लेक्सवर जितकी तोंडं, तितके उमेदवार. सगळे मिळून एक पॅनेल. आणि निवडायचे किती? सात. टोटो एक आणि खाली आम्ही सहा. बेरीज चोख! सगळ्या गावाला वाटलं, टोटोने नवीन पॅनेल उभं केलंय. टोटोबरोबर जे खरोखरचे सहा जण उभे होते, ते त्याच्या दारात येऊन उभे राहिले. "आम्हाला काढून हे कोण घेतलेस? आणि ही एवढीशी पोरगी कोण?"

विरोधकांनी तर रानच उठवलं. परदेशी माणसांचा पैसा घेतला, म्हणून तक्रार करायची धमकी दिली. टोटोने घाबरून फ्लेक्स उतरवला. पण तोवर नावं लोकांच्या तोंडी बसली होती. काळ्या चष्म्यावर मुलं नेम धरून बॉल मारायची, असंही कळलं. (हे ऐकून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?)

निकालाच्या दिवशी मारिसेल आमच्याकडेच बसली होती. फोनवर टोटो, त्याच्यामागे त्याची आई, काका, माम्या, सगळा गोतावळा. टोटो रडत होता. आठवा आला होता. सातव्यापेक्षा नऊ मतं कमी.

"असं कसं?" हे ओरडले. "मतं गेली कुठे?"

मारिसेल माझ्याकडे बघायला लागली. मग निखिलला हळूच काहीतरी म्हणाली. निखिलला हसू आवरेना.

"आई, चौदा मतं तुला पडली."

"मला?"

"चिठ्ठीवर तुझं नाव लिहिलं लोकांनी. ती बाद झाली, पण मोजताना मास्तरीणबाईंनी मोठ्याने वाचली. टोटोचं ठरलेलं मत तुला गेलं! म्हणतात, टोटो बडबड फार करतो. ही बाई निदान तोंड बंद ठेवून आहे, ही काही खायची नाही!"

कसं खाणार? दात कुठे होते?

"आणि मला किती?" ह्यांनी विचारलं.

"इराला दोन," निखिल म्हणाला. "तुम्हाला... नाही, बाबा."

तोपर्यंत सुद्धा मी आपली पोळ्या लाटत होते. पण हे आहेत ना, ह्यांना थांबायचं कुठे ते कधी कळलंच नाही. फोन जवळ ओढून म्हणाले, "टोटो, डोन्ट क्राय! फेरमोजणी माग. पैशांची काळजी नको. आमची ही पुन्हा चकल्या करेल!"

आणि कुकरचं झाकण उडालं.

मी लाटणं हातात घेऊन उठले. मारायला नाही, पोळ्या चालल्या होत्या. पण तिकडे इलोइलोमध्ये टोटोचे काका दोन पावलं मागे सरकले.

"चकल्या? माझ्या चकल्या? चाळीस वर्षं तुमची तोंडं भरतेय, आणि माझ्या तोंडात दोन दात बसवायचे तर ते तुम्ही झाडाला टांगून आलात? स्वतःच्या गावात भावाचं मत मिळवता आलं नाही, आणि चाललेत समुद्रापलीकडचा उमेदवार निवडून आणायला! त्या पोराला बुडवलंत, ह्या पोरीला लाजवलंत, लेकाच्या पोटात गोळा आणलात! ते तीनशे युरो मला परत पाहिजेत. ह्याच खेपेत. आणि तिच्याकडून नाही, तुमच्याकडून!"

सगळं मराठीत. पदर कधी पडला, ते कळलंच नाही. तिकडच्या लोकांना एक शब्द समजला नाही, पण टोटोचं रडणं थांबलं आणि त्याच्या आईने टाळ्या वाजवल्या.

इराने सगळं मारिसेलला जर्मनमध्ये सांगितलं, दातांसकट. मारिसेल पैसे आणायला धावली. मी तिला हाताला धरून बसवलं. पोरीने मागितले नव्हते, मग तिने का द्यावेत?

ह्यांच्याकडे निखिलने खर्चाला दिलेले पैसे होते, ते आधी काढून घेतले. उरलेल्यासाठी निखिलकडे हात पसरायची बंदी केली. मग हे कमावणार कसे? इथे एक सोय आहे. बिअर-सोड्याचा रिकामा पत्र्याचा डबा दुकानातल्या मशीनमध्ये घातला की पंचवीस सेंट परत मिळतात. त्या उन्हाळ्यात बागेत मोठ्या पडद्यावर फुटबॉलच्या मॅचेस दाखवत होते. लोक बिअर पीत, डबे टाकत, आणि आमचे हे काळा चष्मा लावून पिशवी घेऊन त्यांच्यात फिरत.

"आई, ऑफिसमधले लोक बघतात गं!" निखिल म्हणायचा.

"बघू देत. फ्लेक्सवर बघितलं, तेव्हा कुठे काय झालं!"

जर्मनी लवकर हरली आणि आमची वसुली रखडली. मला त्या टीमचाही राग आला. पण मग इथल्या गावची जत्रा आली आणि रोज दोन-दोन पिशव्या भरायला लागल्या. ह्यांची ढेरी उतरली, ते एक फुकटात झालं.

विमानाच्या आदल्या दिवशी मी टेबलावर हिशेब मांडला. पंचवीस सेंट कमी.

"जाऊ दे ना, एक डबा तर आहे," हे म्हणाले.

"नाही. पूर्ण!"

ह्यांचे गुडघे सुजले होते. म्हणून तणतणत मीच खाली उतरले. बागेत बाकाखाली एक डबा दिसला. वाकले, हात घातला, ओढून काढला. त्यात थोडी बिअर उरली होती, ती माझ्या पदरावर आणि पातळावर सांडली. सरळ उभी राहते तो काय, समोर इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाई आणि त्यांच्या तीन मैत्रिणी! सगळ्या माझ्या पुरणपोळ्यांची गिऱ्हाइकं.

"काकू?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "बऱ्या आहात ना?"

मला सगळं सांगायचं होतं. टोटो, फ्लेक्स, दात, चौदा मतं. पण जीभ टाळ्याला चिकटली. मी नेहमीसारखा पदर तोंडावर धरला, त्याला बिअरचा भपकारा, आणि त्या बायका मागे सरकल्या.

मंडळात आता म्हणतात, निखिलची आई गरीब दिसते, पण दुपारीच बसते. म्हणू देत. मी तडक दुकानात गेले, डबा मशीनमध्ये घातला आणि पैसे पूर्ण वसूल केले.