तिला दुखायची सवय आहे

अन्वय, मीरा,

तुमच्या आईला घेऊन मी भोर सोडलं तेव्हा आमच्या हातावर कुणी दही घातलं नाही. घरचं माणूस लांब निघालं की दही घालायची आपल्याकडे रीत आहे. मेधाला आठवा महिना चालू होता. कुबडीवर तोल सांभाळत ती भाड्याच्या गाडीत बसत होती आणि माझ्या थोरल्या जाऊबाई दारात उभ्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "येवढं पुण्याला कशाला गं न्यायचं? तिला दुखायची सवयच हाय की."

'तिला' म्हणाल्या. मेधा हाताच्या अंतरावर होती.

व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं विचारता, आजी, तू भोरला का जात नाहीस, आपलं घर आहे ना तिथे? म्हणून हे लिहिते आहे. गोड लिहिणार नाही.

तुमच्या आईला अगदी लहानपणी पोलिओ झाला. उजव्या पायाला कॅलिपरचा लोखंडी आधार आणि पाठ एका बाजूला थोडी कललेली, हे तुम्ही रोज बघताच. तिने पायाची तक्रार कधी केली नाही आणि आमच्या घराने त्याचा सोयीचा अर्थ काढला, की तिला दुखतच नाही. शेजारणी कौतुकाने म्हणायच्या, किती सोसते पोर. त्या कौतुकाचा मला तेव्हाही राग यायचा.

तुमचे बाबा नोकरीसाठी आधीच कॅनडाला गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती भोरला आली. ज्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तिच्या पाठीकडे न बघताच मला सांगून टाकलं: सिझर करू, पूर्ण भूल देऊ, अशा पेशंटना पाठीतलं इंजेक्शन देत नाहीत. का देत नाहीत, असं मेधाने विचारलं. त्यावर त्यांनी मलाच विचारलं, "हिला सगळं नीट कळतं ना?"

ती तेव्हा कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवत होती.

तुमचे आजोबा नव्हते, म्हणून घरी माझ्या थोरल्या दिरांनी निकाल दिला की डॉक्टर म्हणतात तसंच करायचं, विषय संपला. जाऊबाई विंझर गावच्या, त्यांचं म्हणणं उलट. सिझर नको नि भूलही नको, आमी पाच बाळंतपणं काढली, कुठं सुई टोचून घेतली? त्या नवराबायकोचं एरवी कशावर पटत नसे. मेधाला विचारायचं नाही, यावर मात्र एकमत होतं.

तिचं मागणं फार नव्हतं. बाळ येईल तेव्हा तिला जागं राहायचं होतं आणि दुखणं कमी हवं होतं. भीती होती, ती तिने फक्त मला सांगितली. चालणारा पाय एकच. पाठीतल्या भुलीने तोही बधिर झाला आणि तसाच राहिला तर?

हायवेला कामथडीजवळ तिने गाडी थांबवायला लावली. पाऊल सुजून कॅलिपरचा पट्टा रुतत होता. मी तो सैल केला, खाली लालभडक वळ उठला होता. वळाकडे बघत ती म्हणाली, "आई, काकू खोटं नाही बोलली. सवय आहे मला. म्हणूनच नको आहे."

पुण्याच्या हॉस्पिटलात तपासून सांगितलं, सिझरची गरज नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला खुर्ची दिली आणि मेधाकडे वळून विचारलं, "तुमचं काय ठरलंय?" मग तिच्या पाठीवरून सावकाश बोटं फिरवली. कणा वाकलाय, त्यामुळे सुईला पहिल्यांदाच जागा मिळेल असं नाही. औषध एका बाजूला कमी लागू शकेल. चांगला पाय काही तास जड होईल, औषध उतरलं की ताकद परत येते. नसेला इजा अगदी क्वचित होते, पण होऊ शकते, हेही त्यांनी लपवलं नाही. नाहीतर हुंगायचा गॅस आहे, गुंगीचं इंजेक्शन आहे. मेधा बराच वेळ विचारत राहिली. शेवटी म्हणाली, "पाठीतलंच, एपिड्युरल. पण मी सांगेन तेव्हा."

"मग दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून देणार आहे का मी?" बाई म्हणाल्या.

मला बरं वाटायला हवं होतं. मला संताप आला. एवढंच करायचं होतं? पाठीला हात लावून बघायचं आणि जिची पाठ तिलाच विचारायचं?

कळा सुरू झाल्या त्या दिवशी मेधाने सांगितल्यावरच सुई आली, आणि तिला जागा दुसऱ्या खेपेला मिळाली. कमरेत डावीकडे तळहाताएवढी जागा दुखत राहिली. घामाघूम होऊन मेधा म्हणाली, "असू दे. एवढं काकूच्या नावाने." अन्वय, तू आलास तेव्हा ती टक्क जागी होती. संध्याकाळी तिने पायाची बोटं हलवून बघितली, मग माझा खांदा धरून उभी राहिली. तेव्हा कुठे ती रडली.

बारशाला भोरची मंडळी पुण्याला आली. जाऊबाईंनी पाळण्याची दोरी ओढत गोड आवाजात पाळणा म्हटला आणि तो संपल्यावर बायकांना सांगितलं, "कळा न सोसता झालेलं लेकरू हे. फुकटात आई झाली." बायका हसल्या. दीर मोबाईल बघत बसले.

मेधा म्हणाली, "काकू, तुला पाचातल्या एका तरी वेळी कुणी विचारलं होतं का?"

जाऊबाईंचा दोरीवरचा हात थांबला. तुमच्या आईच्या मते त्या क्षणी मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. आपल्याला कुणी विचारलं नाही म्हणून दुसरीलाही विचारू नये, हे मला मान्य नाही. मी परत गेलेच नाही. माझी पुस्तकं आणि भांडी टेम्पोने धायरीला, पुण्याच्या कडेला घेतलेल्या या फ्लॅटवर आली.

इथे सगळं छान आहे असं नाही. पाणी टँकरचं, लिफ्ट आठवड्यातून एकदा तरी रुसते आणि शेजारी मला '४०३वाल्या मॅडम' म्हणतात. भोरच्या बाजारात मला लोक नावाने ओळखायचे, ते आठवतं.

मीरा, तुझ्या वेळी तिकडे कॅनडात तुझ्या आईने एपिड्युरल घेतलंच नाही, गॅसवर भागवलं. हे दिरांना कळलं तेव्हा त्यांनी मुद्दाम फोन केला. म्हणाले, "बघा, सुईशिवाय जमलं की नाही?" त्यांना अजूनही वाटतं, भांडण सुईचं होतं.

शाळेत गाव विचारलं तर भोर सांगा, ते खोटं नाही. पण सुट्टीत तुम्ही याल ते धायरीलाच. तुमची आई इथे आली की सोफ्यावरून उठताना कधी माझा हात मागते, कधी नाही मागत. मागितला तर देते, न मागता मी पुढे करत नाही. माझ्यापुरतं घर एवढंच.

आजी