नावापुढची ओळ

“आईच्या निधनाच्या पोस्टरवरून तुझ्या नावापुढची ओळ काढायची म्हणजे? वेड लागलंय का तुला?” मामांचा आवाज अंगणाबाहेर गेला. “कोबेना अदुसे, व्यावसायिक फुटबॉलपटू, आइसलँड! आपल्या घरात सांगण्यासारखी ही एवढी एकच ओळ. पलीकडच्या मास्तरीणबाई गेल्या, तर त्यांच्या पोस्टरवर तीन मुलांपुढे तीन देश होते. तुझी आई काय रस्त्यावर पडली होती?”

“मामा, नुसतं नाव पुरे आहे.”

“ऐका! मधल्या फळीतला खेळाडू. अख्ख्या जगाला पास देतो, आणि आईला मेल्यावर एक द्यायला जड जातंय!”

बहीण अफ्रिये सुतकाच्या लाल-काळ्या कापडांच्या घड्या घालत होती, तिलाही हसू फुटलं.

एकोणिसाव्या वर्षी कोबेना इथल्याच, मामपाँगच्या तांबड्या मैदानावरून स्वीडनला गेला. तिथे दोन हंगामांत अकरा सामने, बाकी वेळ बाकावर. मग फिनलंड, तिथे गुडघा गेला. मग आइसलँडमधलं एक बंदर, तिसऱ्या दर्जाचा संघ. खेळावर पोट भरत नाही म्हणून क्लबनेच त्याला मासळीच्या कारखान्यात चिकटवलं होतं. दोन वर्षांपूर्वी क्लबने सोडलं, कारखान्याने ठेवलं. आईला मात्र जुन्या जर्सीतले फोटो जातच राहिले. ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. शेवटच्या फोनवर तिने धापा टाकत विचारलं होतं, “गोल केलास का रे?”

“केला,” तो म्हणाला होता. आणि ती समाधानाने हसली होती.

पोस्टर छापणारा माणूस दाराशी ताटकळला होता. “दादा, क्लबचं चिन्ह द्या ना. नावाशेजारी टाकतो, शोभून दिसेल.”

“दे की,” मामा म्हणाले.

“क्लब नाहीये, मामा. दोन वर्षं झाली. मी मासे साफ करतो.”

अफ्रियेच्या हातातली घडी सुटली. मामांनी आधी दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. “बरं. पण तिथे कोण बघायला जातंय? चौकाचौकात आईचा फोटो लागणार, त्याखाली काय हे लिहायचं? लोक तोंडात शेण घालतील.”

“माझ्या घालतील.” कोबेना छापणाऱ्याकडे वळला. “लिहून घे. कोबेना अदुसे, कामगार, मासळी कारखाना, आइसलँड. असंच छापायचं.”