धाकटीने दाराला बोलतं केलं

लिफ्टच्या दारांचे कंट्रोलर बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात वडिलांच्या हाताखाली दोघं भावंडं होती. हात मध्ये आला की ओळखणारा सेन्सर दादाचा, दार ढकलणारी मोटर धाकटीची. एकदा चाचणीत दार वडिलांच्याच मनगटावर आपटलं.

"मोटर कोणाची? हिची!" दादाने हात झटकले.

वडिलांनी शहानिशा न करता तिला पॅकिंगला बसवलं. खोकी चिकटवताना तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: दादाला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचं.

त्यासाठी कंट्रोलरने लॉग द्यायला हवा, म्हणजे आपण काय करतोय ते ओळीओळीने स्क्रीनवर सांगायला हवं. पण त्याच्या लायब्ऱ्या, म्हणजे प्रोग्रॅमचे आयते तुकडे, बाहेरूनच तयार बांधून आलेल्या. मोठी चूक झाली तरच बोलायच्या, एरवी हूं की चूं नाही. बांधतानाच गाळलेल्या ओळी मागाहून कितीही मागितल्या तरी मिळत नाहीत. म्हणून तिने लायब्ऱ्यांचा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्रॅम, उतरवला, बारीकसारीक सगळं बोलेल इतकी लॉगची पातळी वर नेली आणि सगळं नव्याने बांधलं.

वडिलांना बोलावलं. दादाही आला. स्क्रीनवर ओळींचा पूर लोटला, पण दार गाईसारखं गरीब! लाकडी दांडा कितीदा मध्ये धरला तरी दरवेळी अलगद थांबलं.

"वा! पॅकिंगची हवा मानवली गं तुला," दादा खिदळला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शांतपणे विचार केल्यावर मेख कळली. एवढ्या ओळी छापताना कंट्रोलर रेंगाळत होता, आणि तेवढ्यात दादाच्या सुस्त सेन्सरला उत्तर द्यायला सवड मिळत होती. बडबडीनेच दादाला वाचवलं होतं! तिने पुन्हा बांधलं. या खेपेला फक्त सेन्सरची लायब्ररी बोलणार होती, तीही इशाऱ्यापुरती.

"वहिनी, तुम्हीपण या हो बघायला," तिने हिशेब लिहिणाऱ्या दादाच्या बायकोला मुद्दाम हाक मारली.

तिने दांडा मध्ये धरला, आणि दाराने तो काडकन मोडला. स्क्रीनवर एकच ओळ उमटली: सेन्सरचं उत्तर उशिरा आलं.

वडिलांनी दादाकडे पाहिलं. "उद्यापासून दोन्ही कामं हिच्याकडे."

"बाबा, मी दुरुस्त करतो ना," दादा पुटपुटला. मग तिच्याकडे वळून हळूच म्हणाला, "बंद कर आता. कळलं सगळ्यांना."

"असं कसं?" धाकटीने नवा दांडा उचलला. "वहिनी, जरा पुढे या. तिथून ओळ दिसली नसेल."