तळ्याकाठची उपाशीपोटी शुगर

साखर आणि किस्से, दोन्ही बसून राहिलं की साठतात. पनवेलच्या तळ्याकाठी रोज सकाळी फिरायला जमणाऱ्या आम्हा चौघांकडे दोन्हींचा भरपूर स्टॉक आहे! आमची पद्धत अशी: आधी बाकावर बसून बोट टोचायचं, आकडा मोठ्यानं सांगायचा, मगच चालायचं. लाजायचं नाही.

*

परवा बँकेतून रिटायर झालेल्या जोशी सरांचा आकडा आला तीनशे बारा! सर पांढरेफटक. मुलाला फोन लावून लॉकरची चावी कुठे आहे ते सांगायला लागले.

"सर, सकाळी खाल्लंत काय?" मी विचारलं.

"काही नाही हो! नातवाला आंबा तेवढा कापून दिला."

हात धुवून पुन्हा टोचलं. एकशे बत्तीस! आधी हापूसची शुगर मोजली होती.

*

टेलर शेखभाई रात्री जेवण सोडायचे, तरी सकाळी शुगर वर! डॉक्टर म्हणाले, "पहाटे लिव्हर स्वतःच रक्तात साखर सोडतं."

शेखभाई भडकले. "या अल्लाह! म्हणजे चोर घरातच? आणि मी खामखा बिर्याणीवर शक करत होतो!"

*

घरतकाका मूळचे गव्हाणचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले, तर शुगर वाढलेली म्हणून डॉक्टरांनी परत पाठवलं. नातीचा चेहरासुद्धा त्यांना धुरकट दिसायचा. आम्हाला वाईट वाटायचं. डॉक्टरांनी भात बंद केला, तरी आकडा भरमसाट!

"काका, भात खाल्लात ना?"

"नाय रं! भाताला शिवलो पन नाय. निस्ती पेज पिली!"

*

तेव्हापासून काकू सोबत यायला लागल्या. काकांना आकडा दिसत नसे, म्हणून त्याच वाचायच्या आणि मशिन लगेच पिशवीत टाकायच्या. "एकशे नव्वद!" "दोनशे दहा!" काका बिचारे मुकाट्यानं दोन फेऱ्या जास्त मारायचे. पेजही सुटली, तरी आकडा हटेना. पुन्हा परत पाठवतात की काय, अशी आम्हाला धास्ती.

हॉस्पिटलात मात्र शुगर नॉर्मल निघाली!

"त्यांचं मशिन बिगडलं आसंल," काका म्हणाले. ऑपरेशन झकास झालं.

*

महिन्याभरानं काका बाकावर हजर. नजर एकदम लख्ख! बोट टोचलं. काकूंनी सवयीनं मशिन उचललं आणि म्हणाल्या, "एकशे पंच्यान्नव!"

काकांनी त्यांचा हात धरून मशिन स्वतःकडे वळवलं. मलाही स्पष्ट दिसलं. एकशे अठरा.

काकांनी मशिनकडे बघितलं, मग काकूंकडे. जरा जास्तच वेळ.

"बरोबर हाय," ते उठत म्हणाले. "एकशे पंच्यान्नव. चल गो, दोन फेऱ्या जास्ती मारू."