पंखा तीनवर!

“वळा. अजून वळा. आता लांब बघा. लांब म्हणजे भिंतीच्या पलीकडे हो! आणि अगं, पंखा तीनवर!”

कोपरीत कधी फोटो काढून घेतला असेल, तर आमच्या फोटोग्राफर सरांचा हा आवाज तुम्हाला ओळखू येईल. पंखा तीनवर करणारी ती मी. धुपाचा धूर सोडणारीही मीच.

सरांच्या स्टुडिओत देवांच्या जागी युरोपातली चित्रं होती, पुस्तकातून कापून फ्रेम केलेली. दोनेकशे वर्षांपूर्वी तिकडच्या काही चित्रकारांना नीटनेटक्या राजेराण्यांचा कंटाळा आला आणि त्यांनी वादळं, धुकं, पडकी देवळं काढायला घेतली, असं सर सांगायचे. त्याला रोमँटिक चित्रकला म्हणतात. मी आठवीत शाळा सोडून यवतमाळकडून इथे आलेली. पहिल्याच दिवशी हा शब्द ऐकला आणि स्टुडिओचं दार उघडं ठेवून बसले.

चित्रकारांची नावं माझ्या जिभेला वळेनात. सरांनीच सोपं केलं. वादळात बोट जेमतेम दिसते तो इंग्रज. तराफ्यावरची अर्धमेली माणसं दूरच्या जहाजाला हात करतात तो फ्रेंच. आणि कड्यावर काठी टेकून, धुक्याकडे तोंड आणि आपल्याकडे पाठ करून उभा असलेला माणूस ज्याने काढला तो ‘आपला जर्मन’. त्याच्यावर सरांचा फार जीव.

“चेहरा कुणालाही करता येतो,” ते म्हणायचे. “पाठ खोटं बोलत नाही.”

टिटवाळ्याच्या एक मावशी मुलाचा फोटो न्यायला आल्या, स्थळांना पाठवायला. फोटोत धूर, धुरात पाठमोरा मुलगा, पंख्याने केस उडालेले.

“अहो, मुलगा दाखवायचाय, टक्कल नाही!”

“टक्कल लपवून लग्न करणार होतात?” सरांनी विचारलं. मावशी पासपोर्ट फोटोवाल्याकडे गेल्या.

एका सोसायटीच्या कमिटीला त्यांनी फ्रेंचाच्या पद्धतीने बसवलं. म्हणजे रचलं. सेक्रेटरी सगळ्यात वर, हातात रुमाल.

“खजिनदार, तुम्ही खाली अर्धमेले पडा.”

“मीच का?”

“वर आशा दाखवायची तर खाली निराशा नको?”

खजिनदार पडले. तो फोटो अजून त्यांच्या ऑफिसात आहे. जहाज दिसत नसल्यामुळे कमिटी पाण्याच्या टँकरला हात करतेय असं वाटतं.

मी हसायचे, पण रोज गल्ला मोजायचे. गिऱ्हाईकं अशी पळाली तर माझं काय? त्यातच आईचा फोन आला, “स्टुडिओत कामाले हायेस तं एक धड फोटो पाठव. तोंड सुकेल दिसलं तं मामाले न्यायले पाठवतो.” गावी लग्न वाट बघत होतं, ते मला माहीत होतं. परत जायचं नव्हतं.

सरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला मीठबंदरला खाडीवर घेऊन गेले. धुकं होतं.

“वळ,” म्हणाले.

“सर, आईला तोंड बघायचंय.”

“लांब बघ.”

फोटो त्यांनी स्वतःच्या फोनवरून आईला पाठवूनही दिला. मी रडायचीच बाकी होते. मामा निघालाच, असं धरून पिशवी भरायला घेतली.

आईचा फोन आला. “माय, तोंड कुठं हाय तुह्यं?” मी पिशवीत ओढणी कोंबली. मग तिने फोटो पुन्हा बघितला असावा. “घरी होती तवा खांदे पाडून चालायची. आता कशी ताठ उभी हायेस! राहा तिथंच. पन तुह्या सरले सांग, पोरीले वाऱ्यात उभी नको ठेवू, सर्दी होईन.”

मी निरोप सांगितला. सरांनी चष्मा पुसला आणि जर्मनाकडे बघून मान हलवली, जणू दोघांनी मिळून काढलेला फोटो.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. हार घालायला फोटो शोधला. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस. जे चार फोटो निघाले त्या चारांतही पाठच. शेवटी त्यांचा मीठबंदरच्या खाडीवरचाच एक घेतला, काठीसारखी छत्री टेकून धुक्याकडे बघणारा.

काकू, म्हणजे सरांची बायको, म्हणाल्या, “लावा हाच. निदान माझ्याकडे बघून चहा तरी मागणार नाहीत.” आणि पदर तोंडाला लावला.

लोक गंधाची वाटी हातात घेऊन थबकायचे. कपाळ कुठाय? एकजण फोटो उलटा करून मागे बघून आला. खजिनदार आले, त्यांनी सरळ पाठीलाच हात जोडले. म्हणाले, “शंभरात ओळखली असती.” मग मी पुढे झाले आणि टाळूवर गंध लावलं.

खोलीत उकडत होतं. पंखा एकवर कुरकुरत होता.

मी उठले आणि तीनवर केला.