इंजिनाचा पुढचा जोड

बाबा आखातातल्या रुवैसला तेलाच्या पाइपलाइनच्या वेल्डिंगचे फोरमन होते. गुरुवारी संध्याकाळी शहरातल्या, अल बर्शाच्या घरी यायचे, शनिवारी परत जायचे. माझं लहानपण अशा दोन दिवसांच्या बाबांबरोबर गेलं. त्यामुळे नोकरी संपवून ते कायमचे घरी आले, तेव्हा काय बोलावं हे दोघांनाही कळेना. मी तेव्हा हौशी गटात मोटोक्रॉस, म्हणजे वाळूमातीच्या ट्रॅकवरच्या बाइक शर्यती, खेळत होते. एके सकाळी चहा पिताना ते म्हणाले, तुझी बाइक आपणच बांधू.

भाड्याच्या एका शेडमध्ये सहा महिने काम चाललं. एका हलक्या बाइकची फ्रेम घेतली आणि तिच्यात मोठ्या बाइकचं इंजिन बसवलं. ते धरून ठेवणारे जोड बाबांनी स्वतः वेल्ड केले. तिथे ते मला रुवैसच्या गोष्टी सांगायचे. वीस वर्षांत बोलले नव्हते एवढं त्या सहा महिन्यांत बोलले.

पहिल्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीला चेन उतरली. इंजिन आणि मागचं चाक एका रेषेत नव्हती. माप बाबांनी घेतलं होतं. त्यांनी पुन्हा पट्टी लावली, बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, आकडा तू वाच. मला वाटलं, चष्मा घरी राहिला असेल.

दुसऱ्या वेळी एअर फिल्टरचा डबा एका कडेने उघडा राहिला होता. बारीक वाळू आत गेली आणि इंजिनाची ताकद गेली. बाकीच्या गाड्या पुढे निघून गेल्या, मी बाइक ढकलत बाहेर आणली. बाबा कठड्यापाशी उभे होते. मी समोर जाऊन बोलेपर्यंत त्यांनी मला ओळखलं नाही.

तिसऱ्या शर्यतीत मी चौथी होते. मोठ्या उडीवरून खाली आले आणि इंजिनाचा पुढचा जोड सुटला. इंजिन कलंडलं, चेन अडकली, मागचं चाक जागीच थांबलं. मी हँडलवरून पुढे फेकली गेले. कॉलरबोन मोडलं.

आठवड्याने, हात गळ्यात बांधलेला असताना, मी शेडमध्ये गेले. बाबा जमिनीवर बसून तुटलेल्या जोडावरून बोट फिरवत होते. वरून वेल्ड गुळगुळीत होता, पण आतलं लोखंड एकजीव झालंच नव्हतं. ते मलाही दिसत होतं. तरी मी म्हटलं की लँडिंग माझंच चुकलं.

"खोटं बोलू नकोस," बाबा म्हणाले. "वेल्डिंग करताना मला सांधाच दिसत नव्हता. अंदाजानेच वेल्ड ओढला."

मग त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. काचबिंदू होता. कंपनीच्या वार्षिक तपासणीत कळलं होतं, म्हणूनच नोकरी लवकर सुटली. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आईला माहीत नव्हतं. मला सांगितलं असतं तर मी त्यांच्या हातात वेल्डिंगची टॉर्च दिली नसती, हे त्यांना ठाऊक होतं.

"एवढं एकच काम तुझ्यासाठी करायचं होतं," ते म्हणाले.

मला संताप आला होता. त्याच टॉर्चने त्यांचा हातही जाऊ शकला असता, माझी मान मोडली असती. पण तोंडातून निघालं, "इट्स ओके, बाबा." लहानपणी ते एखाद्या वीकेंडला येऊ शकले नाहीत की मी फोनवर हेच म्हणायचे. त्यांनी मान हलवली. आम्ही दोघांनी मिळून इंजिन उतरवलं. एका हाताने मी, चाचपडत ते. फ्रेम भंगारात दिली.

हाड जुळून दोन वर्षं झाली. मी पुन्हा ट्रॅकवर गेले नाही. बाबा संध्याकाळी बाल्कनीत बसतात. शेख झायेद रोडकडून मेट्रोचा आवाज आला की विचारतात, कुठल्या बाजूला गेली? मी सांगते. मग आम्ही पुढच्या गाडीची वाट बघतो.